तीनशे ग्रॅम

आधी ट्रेडमिल विकली.
राजारामपुरीतल्या कुणी नेली, म्हणे कपडे वाळत घालायला.
मग आरसे काढले. एक ठेवला, नळावर.
आबा म्हणाले, "आरशाबिगर कोण येणार रं?
पोरं दंड बघाय येत्यात, उचलाय नव्हं."
बरोबर होतं त्यांचं.
तीन महिने कुणी आलं नाही.

उद्यमनगरातलं आमचं शेड.
दोन्ही लेथ मागं सरकवून पुढं जेवढी जागा निघाली तेवढी.
फरशी उखडली, खडी दाबली, वर बाभळीच्या फळ्या,
सागवान परवडलं नाही.
कडेला साखर कारखान्याच्या भंगारातला कन्व्हेअरचा पट्टा,
दमट हवेत अजून मळीचा वास येतो त्याला.

बार मात्र बाहेरून मागवला.
तेवढ्यात दुभती म्हैस आली असती,
आई अजून पाहुण्यांना सांगते.

प्लेटा शिरोलीत ओतून घेतल्या.
बीड निवताना आकसतं, पण दर वेळी सारखं नाही.
वीस किलोची कुठली एकोणीस-आठशे,
कुठली वीस-चारशे.
मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलतात
त्या काट्यावर एकेक चढवली.
तोलाईवाला म्हणाला, "लोखंडाचं गुऱ्हाळ घातलंस काय?"
मी पाठीवर रंगानं खरं वजन लिहीत गेलो.
चार राहिल्या.
सौदे सुरू झाले, काटा सोडावा लागला.
त्या चार तशाच आणून लावल्या.
कुणाला कळतंय.

शबनम शिकलगार आली सकाळी साडेआठला,
सीपीआरमधली रात्रपाळी संपवून,
डब्याची पिशवी खांद्याला.
फी विचारली नाही.
बारवर अंगठ्याचं नख ओढलं,
टोकाला टिचकी मारून फिरू दिलं
आणि थांबेपर्यंत ऐकत राहिली,
जसं कुणाच्या तरी छातीला कान लावलाय.
रॅकला खांदा देऊन ढकलून बघितलं.
बोल्ट आबांनी आवळलेत. हलतोय कशाला.

"चॉक चालतो?"
"चालतो."
"वजन टाकलं तर?"
"टाका."
"ओरडले तर?"
मी मागच्या लेथकडं बोट केलं.
तेव्हा पहिल्यांदा हसली.

शंभर लावले. एकदा उचललं, दुसऱ्यांदा उचललं,
तिसऱ्यांदा गुडघ्याच्या वर नेऊन
तिथंच थांबली, डोळे मिटून,
आणि खाली ठेवलं, हळू.
"डावीकडं कमी आहे."
"शक्यच नाही," मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता कान तापले.
"फार नाही," ती म्हणाली. "अर्धी सलाईन असेल."

दुसऱ्या दिवशी सौद्याच्या आधी यार्डात.
एकोणीस-सातशे.
तोलाईवाल्यानं काटा दोनदा झाडला
आणि विचारलं, "कोण ही बाई?"

आबांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते.
हात धुतला, प्लेट उचलली,
ड्रिलखाली धरून तीन भोकं पाडली, मोठी.
मी ओरडलो, "आबा, आणखी हलकी झाली की!"
"होऊ दे," म्हणाले.
"आधी काढाय लागतंय, मग भरता येतंय."
जुन्या पळीत शिसं वितळवलं,
भोकांत ओतलं, कानशीनं सारखं केलं,
आणि हातावर तोलत उगाच उभे राहिले बराच वेळ.
वर्षभर त्या शेडात ते आले नव्हते, चहालासुद्धा.

आता सहा-सात जण येतात.
यार्डातला एक हमाल, गुडघ्यामुळं माती सुटलेला एक पैलवान,
शबनमच्या वॉर्डातली आणखी एक सिस्टर.
शिशाचे ते तीन ठिपके
येता-जाता प्रत्येकाच्या बोटांनी चकाकलेत.

उरलेल्या तीन प्लेटाही तोलल्या मी.
दोन ठीक होत्या.
तिसरी आबांच्या टेबलावर पडून आहे,
शिसं संपलंय.